आकाशाचा ना-हरकत दाखला

एका गुरुवारी आमच्या गावावरचं अर्धं आकाश बंद राहणार होतं, आणि ते उघडून घ्यायला माझे वडील ग्रामपंचायतीत गेले.

तेव्हा मी धुळ्याच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होतो. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला. पदवीनंतर काय करायचं असतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून मी थेट विमानापर्यंत पोचलो. गिरणेकाठच्या आमच्या गावाला (तालुका भडगाव) मात्र हे पटलेलं नव्हतं. चहाच्या टपरीचे मालक वसंतआप्पा माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, तोंडावर म्हणायचे, "नाना, तुना पोऱ्या तठे विमान धोस. माले पक्कं माहीत शे."

(विमान मी धुतलंही होतं. शिकाऊंना धुवावं लागतं. पण हे घरी सांगण्यासारखं नव्हतं.)

ते ऐकून ऐकून नानांनी टपरीवर बसणं सोडलं. ज्या माणसानं बारशापासून तेराव्यापर्यंतचे सगळे निर्णय त्या बाकड्यावर बसून घेतले, तो घरात एकट्यानं चहा प्यायला लागला. म्हणून मला जेव्हा धुळे-जळगाव-धुळे असं एकट्यानं उडायचं ठरलं, आणि वाटेत जरा उजवीकडून गावावरून जायला परवानगी मिळाली, तेव्हा नानांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला: गुरुवारी अकरा वाजता बठ्ठास्नी (म्हणजे सगळ्यांनी) मारुतीच्या पारावर यावं, पोऱ्या विमान लई येई राहिना.

बुधवारी दुपारी नोटॅम आला. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी सूचना. जळगावला कुणी मोठे पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार होते. त्यामुळे जळगावभोवती एक मोठा गोल आखून, सकाळी दहा ते दुपारी दोन त्यात इतर कुणी उडायचं नाही, असा हुकूम होता. मी नकाशा उघडला. गोलाची कड बरोबर आमच्या गावातून जात होती.

मी घरी फोन लावला. "नाना, उद्या आकाश बंद आहे."

"ढग शेत का?"

"ढग नाहीत. पाहुणे येणार आहेत."

"पाहुना येस त रस्ता बंद करतस. आभाय कसाले? वर काय गर्दी शे?"

"नियम आहे, नाना."

"मंग तू शिवारनी वाटथून ये."

वर शिवार नसतं, हे मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. नाना हूं हूं म्हणत होते. मला वाटलं, पटलं.

"बठ्ठं गाव बंद शे का?"

मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, "नाही. अर्धंच. मारुतीचा पार आत येतो. आपलं घर बाहेर राहतं."

"मंग झायं ना. मी लोके घरकडे सरकाडी देसू. तू जळगावले जाऊच नको. घरलगून ये नि परत जाय."

संध्याकाळी आत्याचा, म्हणजे अक्काचा, फोन आला. नानांनी शाळेतून व्हॉलीबॉलच्या मैदानाची फक्की आणून गावातून पांढरी रेघ मारली होती. ती दोन ठिकाणी लोकांच्या ओट्यावरून गेली होती आणि एका ठिकाणी गोठ्यातून. गोठ्यातली म्हैस बंदीत आली होती, रेडकू मोकळं होतं.

त्यानंतर मोबाइलवर ना-हरकत दाखला आला. ग्रामपंचायतीच्या कागदावर, गोल शिक्क्यासह: 'सदर विमान गावठाणाच्या हद्दीतील आकाशातून गेल्यास या कार्यालयाची हरकत नाही. दाखला मागणीवरून दिला असे.'

इथं कुणीही शहाणा माणूस हसला असता. पण माझं सगळं शिक्षण शिक्क्यांवर झालेलं आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. शिक्का मारलेला कागद दाखवल्यावर न उघडलेलं दार मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी त्याची प्रिंट काढली (दोन प्रती, एक पोचपावतीसाठी) आणि गुरुवारी सकाळी आमच्या मुख्य प्रशिक्षकांपुढे ठेवली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"ग्रामपंचायतीची हद्द वर किती फुटांपर्यंत आहे?"

"ते लिहिलेलं नाही, सर. लिहून आणू?"

साहेबांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "दोन वाजता बंदी उठेल. अडीचला निघ. तोपर्यंत विमान धू."

अकरा वाजता मी फडकं हातात घेऊन पंखाखाली उभा असताना नानांचा फोन आला. मागे प्रचंड घरघर, टाळ्या, शिट्ट्या, हलगी.

"दिसी गया रे, दिसी गया! बठ्ठं गाव हात हालाडी राहिनं."

"नाना, ते हेलिकॉप्टर आहे. पाहुण्यांचं."

"अरे, पन तू फोन कसा उचला? दोन्ही हात सोडी दिधात का?"

"नाना, मी खाली आहे."

"खाली कसा? मन्हा डोकावर शे ना तू!"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

अडीचला मी उडालो. गाव दिसलं तेव्हा मी खाली आपलं घर शोधायला लागलो. घर ओळखता यावं म्हणून अक्का गच्चीवर लाल लुगडं पसरणार होती. आपलं घर मागे पडू नये म्हणून गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी लाल लुगडी पसरली होती. कोणतं घर आपलं ते मला कळेना. पारावर एक कुत्रं झोपलेलं होतं. मी गावाला दोन घिरट्या घातल्या आणि सलामी म्हणून पंख डावी-उजवीकडे हलवले. कुणी वर पाहिलं नाही. अकराचा कार्यक्रम उरकून, जेवून, गाव आडवं झालं होतं.

रविवारी घरी गेलो तर पारावर माझा सत्कार. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझा दंड धरला. हळूच म्हणाले, "माले बठ्ठं समजनं. गप ऱ्हाय." आणि ते वसंतआप्पांच्या बाकड्यावर जाऊन बसले. आप्पांनी स्वतः त्यांच्या हातात कप दिला. चार महिन्यांनी.

मग आप्पा माझ्याकडे वळले. "काय तुनं विमान, भो! वर पंखा, खाले लाइट. नाहीतर दुपारले आखो एक विमान ऊनं व्हतं. बारकं. दोनदा गाव चुकनं नि मंग दारू पेयेल मानूससारखं डुलाले लागनं. कोन व्हता रे तो?"

मी शाल नीट खांद्यावर ओढली आणि नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"असेल कुणी शिकाऊ," मी म्हणालो. "धुवायच्या कामावर पाठवायला पाहिजे त्याला."