तोफगोळ्यांवर तांदूळ

नंदनवन वस्तीत आमच्या समोरच्या घरात नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. एकाहत्तरच्या युद्धात ते नौदलाच्या एका मालवाहू जहाजावर होते. गेल्या जानेवारीत वस्तीतल्या विहारात त्यांचा सत्कार ठरला आणि जहाजाच्या कामगिरीचं एक पान लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तीस वर्षं वृत्तपत्रात इतरांच्या बातम्या तपासल्या. एक पान म्हणजे तासाभराचं काम, असं मी धरून चाललो.

मसुदा त्यांनी चष्मा पुसून वाचला आणि पहिल्याच ओळीतल्या ‘युद्धनौका’ या शब्दावर बोट ठेवलं.

“हे काहून लिहिलं भाऊ? माल वाहायचो आम्ही. आमच्या जहाजानं एक गोळी नाही झाडली.”

“संयोजकांच्या माहितीत तसंच आहे.”

“त्यायले काय माहीत? सत्काराले काटोलहून माझा जोडीदार येऊन राहिला. पहिल्या रांगेत बसन तो. जहाजावरचे आता आम्ही दोघंच उरलो. त्याच्यासमोर खोटं वाचलं, तर मी स्टेजवर चढत नाही.”

सून चहा घेऊन आली होती. “बाबा, सत्कार आहे तुमचा, चौकशी नाही,” ती म्हणाली.

“तू चहा ठेव वं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. नौदलात जाण्याआधी ते इतवारीच्या बाजारात धान्याच्या गोदामात पोत्यांची थप्पी लावत. थप्पीचा नियम एकच, जड खाली आणि हलकं वर. युद्धातल्या पहिल्या फेरीला जहाजाच्या पोटातलं कोठार रचायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी इतवारीचा नियम समुद्रावर नेला. तोफगोळ्यांच्या पेट्या तळाशी, त्यांच्यावर तांदळाची पोती. थप्पी इतकी सरळ आली की अधिकाऱ्याने शाबासकी दिली.

चौथ्या दिवशी एक लढाऊ जहाज तोफगोळे घ्यायला शेजारी आलं. गोळे तांदळाखाली होते. पोती हाताने बाजूला काढण्यात दुपार गेली आणि तेवढा वेळ दोन्ही जहाजं उघड्या समुद्रात एकमेकांना धरून संथ चालत राहिली. युद्धात संथ जहाज म्हणजे निशाणा. शत्रूने पाहिलं नाही, हे नशीब. ‘नशीब’ हा शब्द त्यांनी मला मुद्दाम लिहायला लावला.

चूक सुधारली ती काटोलच्या जोडीदाराने. त्याच्या घरी संत्र्याचा व्यापार. वाटेत दोन-तीन बाजारांत थांबणाऱ्या ट्रकमध्ये आधी उतरायचा माल शेवटी चढवतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पुढच्या फेरीला त्याने प्रत्येक मालाची थप्पी वेगळी लावायला सांगितली आणि मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवली. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत एकाही जहाजाला त्यांच्याकडून माल घेताना खोळंबावं लागलं नाही.

“चुकीचा भाग वगळू का?” मी विचारलं. सत्काराच्या पानावर तो कोणी मागितला नव्हता.

“ते काढलं तर त्याचं काम बी निघून जाते ना.”

स्वतःची चूक छापा, असा आग्रह धरणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नव्हता.

मी पान नव्याने लिहिलं. पहिलं वाक्य होतं, ‘या जहाजाने युद्धात एकही गोळी झाडली नाही.’ यात शौर्य कुठे आहे, असं संयोजकांनी विचारलं. शेवटपर्यंत वाचा, एवढंच मी म्हणालो. त्यांनी वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी जोडीदार सकाळच्या बसने आला आणि पहिल्या रांगेत बसला. पान मीच वाचलं. तांदळाच्या पोत्यांवर सभागृह हसलं, तो हसला नाही. कानामागे हात धरून ऐकत राहिला. मधल्या वाटेचं वाक्य आलं तेव्हा त्याने हात खाली घेतला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःकडे बोट करून दाखवलं. आमचे गृहस्थ स्टेजवर चढले, शाल घेतली आणि सरळ खाली त्याच्याकडे गेले.

“बरोबर आहे का गा सगळं?”

“एक चुकलं. तांदूळ नव्हता तो. गहू होता.”

“तांदूळ होता.”

“तुले काय आठवते? पोती तर मी उचलली.”

हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या प्रतीत मी ‘तांदळाची’ हा शब्द खोडून नुसतं ‘पोती’ ठेवलं आहे. तेवढ्यावर दोघांचं एकमत आहे.