वॉटर स्कूटरचा सेल

आमच्या भागात स्टार्टर मोटरला 'सेल' म्हणतात. जीपचा सेल, ट्रॅक्टरचा सेल. बटण दाबले की 'सेल मारला'. म्हणून मी फोनवर जिल्ह्याच्या ऑफिसातल्या साहेबांना सरळ सांगितले, "वॉटर स्कूटरचा सेल कमजोर झाला आहे, काहीतरी करा." आठवडाभराने त्यांचा शिपाई एक पुडके घेऊन आला. आत टॉर्चचे सेल होते.

"साहेब म्हणाले, लागले तर अजून मागा," शिपाई म्हणाला.

दारव्ह्याजवळच्या तलावावर वॉटर स्कूटर कशी आली, हेही सांगायला हवे. कापसाची वाईट वर्षे होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि वर कोणाला तरी वाटले की या जिल्ह्याला जलक्रीडा केंद्राची गरज आहे. मंडप पडला, फीत कापली गेली. पाहुण्यांनी लाइफ जॅकेट घालून फोटो काढला आणि ते काढून भजी खाल्ली. पाण्याला कोणाचा पाय लागला नाही. मंडप गेल्यावर तलावावर दोन गोष्टी उरल्या, ती स्कूटर आणि मी. केंद्राचा व्यवस्थापक, तिकीटवाला, चालक आणि झाडूवाला, सगळे मीच. शेत माझेही होते, पण त्या वर्षांत आमचे घर शेतावर चालत नव्हते, या तिकिटांवर चालत होते. रविवारी दारव्ह्याहून नवी जोडपी यायची. नवरा ऐटीत बसायचा, बायको त्याचा शर्ट मागून घट्ट धरायची आणि फेरी संपल्यावर "अजून एक" असे तीच म्हणायची.

सेलांचे पुडके परत पाठवतो म्हटले, तर साहेब चिडले. "बंद मशीन ठेवून काय करता? सोमवारी ट्रक आणतो. मशीन नागपूरला हलवू, केंद्र बंद."

"नवा सेल मागवा ना, साहेब."

"त्याला मंजुरी लागते."

केंद्र बंद करायला लागत नव्हती.

जीपची चांगली बॅटरी लावून पाहिली, तरी बटण दाबले की इंजिन तसेच कण्हत फिरायचे आणि थांबायचे. म्हणजे दोष सेलातच होता. मी तो सोडवला, धोतराच्या फडक्यात बांधला आणि आमच्या बोरी अरबहून दारव्ह्याच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या आजीबाईने फडके चाचपले.

"कोंबडी हाय का, बापू?"

"मोटर हाय, आजी."

"मंग येवढी कवटाळून काहून बसला?"

दारव्ह्यात जीपांचे सेल बांधणारे एक चाचा होते. बोलणे भरपूर, काम त्याहून थोडे कमी. मी सगळ्यांशी वाद घालतो म्हणून ते मला वकीलसाब म्हणत. त्यांनी सेल उघडला. आत गंजाचे पाणी, वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरलेले, पाणी अडवणारी रबरी रिंग कडक होऊन चिरलेली.

"नवा टाका, वकीलसाब."

"नवा यीन तवा स्कूटर नागपुरात असन. हाच बांधा."

"अजी, जीपचा सेल गेला तर चार लोकं धक्का मारतात. याले बीच तलावात कोन धक्का मारन? मासोया?"

बोलणे खरे होते. पण त्या वर्षांत मला 'बदला' या शब्दाचाच वीट आला होता. बियाणे बदला, पीक बदला, धंदा बदला, जमले तर विचारसरणी बदला. प्रत्येक मंडपातून हेच ऐकू यायचे, आणि सांगणारे तेवढे वर्षानुवर्षे तेच असायचे. मी म्हटले, "चाचा, बांधत नसान तर कानस द्या. मीच घासतो."

"कार्बन तोडून ठेवसान. सरका तिकडे!"

त्यांनी जीपचे कार्बन घासून मापाला आणले, तांब्याचे तोंड पॉलिशपेपरने चकचकीत केले, आणि सगळा वेळ मला शिव्या दिल्या. रिंग मात्र गावात कुठेच मिळेना. शेवटी मला घरच्या फवारणी पंपाची आठवण झाली. त्याच्या सिलिंडरची रिंग काढून आणली, जराशी ताणली, बसली. पंपाने कापूस वाचवला नव्हता. निदान एवढे तरी त्याने करावे.

सोमवारी ट्रक आला, पुढे साहेबांची गाडी. चाचाही आले होते, माझी फजिती बघायला, असे त्यांनीच सांगितले. मी बटण दाबले, स्कूटर सुरू झाली.

"काठावर कोणीही सुरू करेल," साहेब म्हणाले. "मध्ये बंद पडली तर?"

मी स्कूटर तलावाच्या मध्यावर नेली आणि बंद केली.

पाणी एकदम गप्प झाले. काठावरून चाचांचा आवाज आला, "अबे, बंद कायले केली!" अंगात जॅकेट होते, पोहता येत होते, बुडणार होती ती नोकरी. बटण दाबले. कुर्र झाले आणि थांबले. काठावर साहेबांनी ट्रकवाल्याला हात केलेला मला दिसला. मग मी बटण असे दाबले की अंगठा पांढरा पडला, आणि इंजिनाने आवाज दिला. सरळ परत यायला हवे होते. मी साहेबांच्या समोरून दोन फेऱ्या मारल्या, दुसरी जरा जवळून. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

त्यांच्या आदेशात 'नादुरुस्त यंत्र' उचला असे होते. चालू यंत्र उचलायचे तर नवा आदेश लागणार होता, आणि मंजुरी कशी मिळते हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. ते गाडीत बसले. मी धावत जाऊन ते पुडके ट्रकवाल्याच्या हातात दिले.

ट्रक रिकामा गेला असे कोणी म्हणू नये. त्यात टॉर्चचे सेल होते.