अर्ध्या वाटेवरची आई

जुन्नरजवळची लेणी पाहायची, हे आईच्या मनात लग्नापासून होतं. बाबा "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत राहिले आणि गेल्या पावसाळ्यात तेच गेले. म्हणून या हिवाळ्यात मी तिला घेऊन आले.

अर्ध्या पायऱ्या चढल्यावर तिचे गुडघे थांबले. वरची चैत्यकमान तिथून स्वच्छ दिसत होती. इतकं जवळ दिसणारं ठिकाण इतकं लांब असू शकतं, हे तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं.

ती खडकावर टेकली. म्हणाली, "तू जा. स्तूपासमोर त्रिसरण म्हण, जोरात. मला इथवर ऐकू आलं पाहिजे."

लेण्यात गार काळोख होता. मी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणू लागले तसा दगडही माझ्याबरोबर घुमू लागला. या भिंतींनी किती जणांचे आवाज ऐकले असतील! त्यांत बाबांचा नाही, एवढंच मनात येत राहिलं.

खाली आले तेव्हा आईचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले.

"ऐकू आलं?"

"नाही गं, वारा फार होता. तू म्हणत असशील म्हणून मीही म्हणत होते. माझं तुला आलं का?"

"नाही," मी म्हणाले. मग तिच्या शेजारी बसले आणि लेण्याकडे तोंड करून आम्ही दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.