कणकवलीत कबूल, देवळात नाकबूल

आमच्या गावच्या मानकऱ्याने माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. देवळात, देवासमोर, अख्ख्या गावाच्या देखत फसवलं आणि गावाने त्याला साथ दिली. हे मी चिडून लिहीत नाही. चिडून लिहायचं असतं तर पहिलं वाक्य वेगळं असतं.

मी मासळीचा धंदा करते. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. आज माझे दोन टेम्पो कणकवलीच्या हॉटेलांना माल पोचवतात. किनाऱ्यावरच्या लिलावात मी बोली लावायला उभी राहिले की पुरुष खाकरायला लागतात. माझी बहीण माझ्यासारखी नाही. तिने आयुष्यभर एकच जागा धरली. आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचं वळण लागतं. तिथे डांबराच्या बाहेर, मातीवर, दोन फळ्या आणि विळी घेऊन ती बसायची. वळणावर गाड्या आपोआप हळू होतात, माणसाला बांगडा दिसतो आणि पाय ब्रेकवर जातो. धंद्यात याच्याएवढी मोलाची जागा नसते. तिने ती कोणाकडून घेतली नव्हती, बसून बसून मिळवली होती.

एका संध्याकाळी, उन्हं उतरता उतरता, मानकऱ्याची मोठी पांढरी गाडी डांबर सोडून तिच्या फळ्यांवर आली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. गाडीत त्याच्या लॉजवरचे दोन पाहुणे होते. त्यांना नांदगावला रेल्वेवर सोडायचं होतं. मानकरी खाली उतरला, दोघा-तिघांच्या मदतीने बहिणीला रिक्षात घातलं, रिक्षावाल्याला इस्पितळ गाठायला सांगितलं आणि स्वतः नांदगावच्या वाटेला लागला. एवढ्यावर गाव त्याचं कौतुक करत होतं. दुसरा कोणी असता तर उतरलाही नसता, म्हणे. आमच्याकडे मोठ्या माणसाने गाडीतून पाय खाली ठेवला तरी तो उपकार धरतात.

रिक्षावाल्याने त्याच रात्री मला इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं की मानकऱ्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. चार दिवसांनी मी त्याला हेच पोलिसांना सांगायला सांगितलं, तेव्हा त्याला आठवलं की त्या दिवशी त्याला सर्दी होती.

मला संशय आला तो भपकाऱ्यामुळे नव्हे. मानकऱ्याने न मागता इस्पितळाचा खर्च देऊ केला, शहाळी पाठवली, बायकोला बहिणीच्या उशाशी बसवलं. मी जन्मभर भाव करत आले आहे. समोरच्याने काही म्हणायच्या आधीच जो भाव खाली आणतो, त्याच्या मालात खोट असते.

पण बहीण हलेना. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तिने कोणाबद्दल तक्रार नाही असं सांगून सही केली. मी भांडले तर म्हणाली, "आक्का, गावात रवाचा आसा. देवळात काय तां होऊ दे." राहायचं गावातच, तर निकालही गावातच, असं तिचं.

देवळात झालं ते सांगते. आमच्याकडे गावातला तंटा आधी देवासमोर जातो. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळी हकिकत मोठ्याने सांगायची आणि न्याय मागायचा. प्रत्येक वाक्याला जमलेल्या लोकांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं कोणीही घालू शकत नाही, तो मान एका घराण्याचा असतो. आमच्या गावात तो मान त्याच मानकऱ्याच्या घराचा. म्हणजे ज्याने गाडी घातली तोच देवाला हकिकत सांगणार, तोच न्याय मागणार. मी हे बोलून दाखवलं तेव्हा एक म्हातारे गावकर माझ्याकडे बघत राहिले, मी देवळात चप्पल घालून आले असावे तसे. परंपरा होती. परंपरेत आरोपी कधी बसतच नाही, कारण त्याच्या घरात मान असतो.

त्याने चांगला मोठा आवाज लावला. आडवो कुत्रो इलो, म्हणाला. पाहुण्यांची गाडी चुकू नये म्हणून घाई होती, नायतर आपण स्वतः इस्पितळात गेलो असतो. फळ्या डांबराला लागून होत्या. आणि मग, कोणी विचारलंही नसताना, "त्या दिसा माझ्या पोटात एक थेंब गेलो नाय, गेलो आसात तर तुया बघून घे, महाराजा." सगळे म्हणाले, व्हय महाराजा. रिक्षावाला पण म्हणाला. त्याचा आवाज खणखणीत होता, सर्दी बरी झाली होती.

निकाल लगेच लागला. दोष फळ्यांचा. वळणावर कोणी मासे विकायला बसायचं नाही. बहिणीला एसटीच्या थांब्यामागे जागा दिली. तिथे थांबतात ती कुत्री, आणि त्यांच्याकडे पैसे नसतात. खुबा जुळला, पण तिला आता जमिनीवर मांडी घालता येत नाही. उंच स्टूल आणि टेबल दिलं तर ती अजून माझ्यापेक्षा भरभर सुरमई कापते. वळणावर टेबल मांडलं तर ती पुन्हा उभी राहील, थांब्यामागे राहणार नाही. मला एवढंच हवं होतं आणि अजून हवं आहे. तिची जागा परत, आणि दोष तिचा नव्हता हे त्याच देवळात मोठ्याने.

त्यासाठी तो प्यायला होता याचा कागद लागणार होता. पोलीस ठाण्यात मला सांगितलं, अपघाताची नोंद आहे, तक्रार नाही म्हणून पुढे काही नाही. त्याची तपासणी झाली होती का, विचारलं, तर तो जागेवर नव्हता, कशी होणार, असं उत्तर मिळालं. हे सांगणारा माणूस माझ्याशी प्रमाण मराठीत बोलत होता. आमच्याकडे समोरच्याला वाटेला लावायचं असलं की माणूस प्रमाण मराठीत शिरतो.

मालवणच्या बाजारात संगणकाचं एक केंद्र आहे, सातबारा काढून देतात, परीक्षेचे फॉर्म भरतात. ते चालवणाऱ्या मुलीने मला सांगितलं की कोर्टातले खटले कोणालाही बघता येतात, सरकारच्या साइटवर. नाव टाका, साल टाका, तालुका निवडा. मला खरं वाटेना. इतकी वर्षं आम्हाला कोर्ट म्हणजे वकिलाच्या काळ्या कोटाआडचं काहीतरी वाटत आलं. तिने मानकऱ्याचं नाव मालवणच्या कोर्टात टाकलं. सख्ख्या भावाशी वाटणीचा दावा निघाला. शेजाऱ्याशी गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, दुसरा दावा निघाला. गाऱ्हाण्याचा मान घरात असून स्वतःच्या भांडणाला मात्र तो देवावर विसंबला नव्हता. दारूचं काही नव्हतं.

गावात कळलं. कळणारच. लिलावात एकाने विचारलं, "काय गो, संगणकान काय पकडल्यान? सुरमई काय मोरी?" मोरी म्हणजे लहान शार्क. मी त्या दिवशी त्याच्या टोपल्यांवर बोलीच लावली नाही. बाकीच्यांनी माझा रोख बघून हात आखडते घेतले, आणि त्याने माल पडेल त्या भावाला विकला. हसण्याचीही किंमत असते.

उत्तर मला टेम्पोत सापडलं. कणकवलीला माल घेऊन जाताना ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मालवणात जो मासा दिसत नाही तो संपलेला नसतो, तो पुढच्या बाजारात गेलेला असतो, हे मला धंद्याने शिकवलंय. मानकरी त्या संध्याकाळी मालवणकडे गेलाच नव्हता. तो नांदगावला गेला होता, नांदगाव कणकवली तालुक्यात. माणूस राहतो कुठे यावर खटला ठरत नाही, पकडला कुठे गेला यावर ठरतो. आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना घाटाच्या दिशेने दोन गावं ओलांडली की आपल्याला कोणी ओळखत नाही असं वाटतं. कणकवलीत केलेलं कणकवलीत राहतं, अशी त्यांची समजूत आहे. हायवेवरच्या धाब्यांना याच समजुतीने जगवलं आहे.

परत येताना केंद्रात गेले आणि त्या मुलीला म्हटलं, तालुका बदल. तिने बदलला. सरकार विरुद्ध आमचा मानकरी. मोटार वाहन कायदा, दारू पिऊन गाडी चालवणं. खटला निकाली, आरोपीने गुन्हा कबूल केला. तो एकटाच नव्हता. तोच कायदा टाकून तिने पडदा वरखाली केला, तर आमच्या भागातले कितीतरी सभ्य गृहस्थ तिथे भेटले. शाळेच्या कार्यक्रमात मुलांना व्यसनमुक्तीवर भाषण देणारे एक जण होते. माझ्या मालाला वास येतो अशी तक्रार करणारे एक हॉटेलवाले होते.

पण त्याला कुठे आणि किती वाजता पकडलं, ते पडद्यावर नव्हतं. मी कणकवलीच्या कोर्टात नक्कल मागायला गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, खटल्याशी संबंध नसलेल्या माणसालाही नक्कल मिळते, कारण लिहून अर्ज करायचा. मी लिहिलं, त्याच संध्याकाळी याच गाडीखाली माझी बहीण आली होती. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. नक्कल मिळाली. गाडीचा नंबर तोच, तारीख तीच. नांदगावच्या अलीकडे हायवेवर तपासणीत पकडला. वेळ अशी की वळणावरून सुटलेली गाडी न थांबता चालली तर तेवढ्यालाच तिथे पोचते. वाहनात दोन प्रवासी, त्यांना पोलिसांनी दुसऱ्या गाडीने रेल्वे स्टेशनवर पाठवलं. खाली आरोपीची कबुली. कबूल केलं की दंड भरून मोकळं होता येतं, असं वकिलाने सांगितलं असणार. कोर्टात खरं बोलणं स्वस्त पडलं म्हणून तिथे खरं बोलला. देवळात खोटं फुकट होतं.

मी देवळातल्या बैठकीत नक्कल वाचून दाखवली. बहीण खांबाला टेकून उभी होती, तिला खाली बसता येत नव्हतं आणि खुर्ची आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. वाचून झालं. मला वाटलं, आता तरी माना खाली जातील.

मानकऱ्याने उपरणं सारखं केलं आणि शांतपणे म्हणाला, "तां मागाहून घेतलंय. वळणाच्या आधी नाय. माका धक्को बसलो होतो, म्हणान वाटेत थांबान घेतलंय."

म्हातारे गावकर लगेच म्हणाले, "व्हय, धक्को बसतलोच. माणूस आसा."

आणि सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मी ते डोळ्यांनी बघितलं. ज्यांच्या घरची मासळी मी तीस वर्षं पुरवली ती माणसं खोट्याला जागा मिळाली म्हणून सुखावली. धक्का त्याला बसला होता. हाड कोणाचं मोडलं हे कोणी विचारलं नाही.

मी विचारलं, "वाटेत खंय थांबलात?"

"एका धाब्यार."

"पाहुणे गाडीत होते?"

"होते."

"तेंची गाडी चुकात म्हणान तुमी माझ्या भयणीक रिक्षात घातलात. आणि धाब्यार बसाक वेळ होतो?"

तो म्हाताऱ्यांकडे बघायला लागला. म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, "बाये, देवळात अशी उलटतपासणी करूची नसता." बैठक संपल्याचं कोणी सांगितलं नाही. लोक एकेक करून उठले, नारळ फोडायचे होते.

वकील म्हणतो अपघाताचं प्रकरण या नकलेवर पुन्हा उघडता येईल. ते मी उघडणार आहे, माझी ऐपत आहे आणि माझा राग टिकाऊ आहे. पण कोर्ट माझ्या बहिणीला वळण परत देणार नाही. ते गावाने घेतलं, गावानेच द्यायचं आहे. तिचं टेबल मी सुताराकडून करून घेतलंय, ते माझ्या पडवीत उभं आहे.

म्हणून मानकऱ्याला, आणि त्या दिवशी हो म्हणणाऱ्या प्रत्येकाला, माझा प्रश्न तोच आहे. दारू वळणाच्या आधी घेतली असेल तर देवासमोर खोटी शपथ घेतली आणि दोष त्याचा. वळणानंतर घेतली असेल, नकलेतली वेळ काही म्हणो, तर घाई खोटी होती, आणि हाड मोडलेल्या बाईला रिक्षात टाकून तो धाब्यावर बसायला गेला. दोन्हीपैकी एक निवडा. आधी की नंतर? त्याच सभामंडपात, त्याच मोठ्या आवाजात, माझ्या बहिणीला खुर्ची देऊन, मला याचं उत्तर द्या.