दात्यांचं तोंड

"कापताना एक जरी ढलपी उडाली, तर दारं-खिडक्या मुंबईचे सुतार करतील," बॅरिस्टरसाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते खरं वाटलं.

तुंगार्लीचा त्यांचा बंगला पुरा होत आला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आणि बाथरूममध्ये बेसिनशेजारी बसवायला त्यांनी मुंबईहून दोन सागवानी टॉप मागवले होते. टॉप म्हणजे वरची जाड फळी. दोन्ही पॉलिश होऊनच मालगाडीनं आले, आणि दोन्ही मापापेक्षा वीतभर लांब निघाले. ती वीत कापायची होती. कापलेली कड दाराकडे येणार होती, येता-जाता दिसणारी.

सुतारकामाचा कारखाना माझ्या दादाचा. दादा त्याच वर्षी वारला. मी लोणावळ्यात शाळामास्तर. विकून टाक, असं सगळे सांगत होते. दारं-खिडक्यांचं काम गेलं असतं तर विकावाच लागला असता. मला तो विकायचा नव्हता. शाळेतून रजा घेऊन मी रोज तिथे बसू लागलो.

दादाचे जुने कारागीर आबा मूळचे कामशेतकडचे. त्यांनी मोठ्या दात्यांची करवत काढली.

"झटक्यात हुईल, मास्तर."

"आधी टाकाऊ तुकड्यावर बघू."

फळी लांब होती, हे एका अर्थी बरंच होतं. जाणारी वीत आमची चाचणीची जागा झाली. तिच्यात आडवा, चार बोटं आत एक काप घेतला. पॉलिशसकट ढलप्या उडाल्या.

मोठे दाते लाकडाच्या रेषांबरोबर उभं कापायला चांगले. आडवं कापताना ते रेषा चिरत नाहीत, उपटतात. तिथे बारीक दाते हवेत, एवढं मला दादाच्या पुस्तकातून कळलं होतं. सुतारकामाचं ते इंग्रजी पुस्तक त्यानं केवळ चित्रांसाठी घेतलं होतं. आबांनी बारीक दात्यांच्या करवतीला कानशीनं घासून धार लावली. पुस्तकात लिहिलं होतं, चांगली बाजू वर ठेवा. ठेवली. ढलप्या कमी झाल्या, पण उडाल्याच. वरच्याच अंगाला.

"बुकानं लाकूड कापत न्हाई, मास्तर," आबा म्हणाले. "आमी कवाबी असंच कापतो. मग रंधा मारला की झालं गुळगुळीत."

"पॉलिशवर रंधा मारणार?"

आबांनी करवत बाजूला ठेवली. इतकी वर्षं ढलपी उडाली तरी रंधा ती खाऊन टाकत होता. त्यामुळे ती कुठल्या अंगाला उडते, हे बघायची गरज कुणालाच पडली नव्हती.

मी पुस्तकातलं करवतीचं चित्र पुन्हा पाहिलं. मग आबांच्या करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. चित्रातले दाते मुठीपासून दूर कललेले होते. आमचे मुठीकडे.

"आबा, तुमची करवत कापते कधी? ढकलताना की ओढताना?"

"ओढताना. ढकलून कोन कापतं?"

"साहेबलोक."

ढकलताना दाते वरून खाली घुसतात आणि ढलपी खालच्या अंगाला उडते. ओढताना ते खालून वर येतात, मग ती वर उडते. पुस्तक खोटं नव्हतं. ते दुसऱ्या करवतीबद्दल बोलत होतं.

"फळी पालथी करा," मी म्हणालो.

"पॉलिश मातीकडं? अन् वरखडं पडलं म्हंजी?"

दुपारी दादा ज्यावर टेकायचा ती घोंगडी कारखान्यात होती. मी ती उचलून अंथरली. आबांनी तिचं एक टोक ओढून सरळ केलं. चांगली बाजू घोंगडीवर ठेवून आम्ही तिसरा काप घेतला. उलटून पाहिलं. कड स्वच्छ होती.

मग खऱ्या मापावर काटकोनाचा गुण्या लावून दोन्ही अंगांना रेघ मारली. पॉलिशच्या बाजूनं त्याच रेघेवर धारदार पात्यानं चीर दिली, म्हणजे पॉलिश रेघेपलीकडे फाटणार नाही. तुटणारं टोक मी दोन्ही हातांनी धरून बसलो. शेवटच्या चार बोटांत वजनानं फळी फाटते. आबांनी तिथे करवत अगदी हलकी चालवली. आधी ओट्याची फळी कापली, मग बाथरूमची.

बंगल्यात टॉप बसवल्यावर बॅरिस्टरसाहेबांनी कडेवरून नख फिरवलं. मग ते गुडघे टेकून खालून बघू लागले.

"साहेब, खालनं बगू नगा," आबा म्हणाले. "तितं उडाल्यात."

"खालून कोण बघणार आहे?"

"झुरळं."

साहेब हसले नाहीत. उठून त्यांनी गुडघे झटकले. "दारांची मापं उद्या घ्या," एवढंच म्हणाले.

कारखाना राहिला. शाळा मी पुढे सोडली. नवा सुतार कामावर आला, की आजही मी आधी त्याची करवत मागून घेतो आणि दात्यांवरून बोट फिरवतो. फळी कशी ठेवायची, हे त्यानंतर ठरतं.