सीडी प्लेयरचे दात

माझे सासरे पुंजाराम भोकरदनच्या बैलबाजारातले दलाल. तोंडात बोट घालून दात पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही, असं सासूबाई म्हणतात. जावई तेवढा न तपासता घेतला, हेही त्याच म्हणतात.

या माणसाने २००२ साली सीडी प्लेयर घ्यायचं काढलं, आणि तोही भारीतला. अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर घरात आधीच होते. कारण होतं त्यांचे वारलेले थोरले भाऊ, भिवादादा. दादांच्या भजनाला आसपासची गावं लोटायची, पण मागे उरली होती एकच कॅसेट. दादांची बायको गिरिजाबाई ती ऐकायलाच येत नसत. "हा त्यांचा आवाज न्हाई. कुणीतरी घोंगडीतून बोलून राह्यलंय," म्हणायच्या. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, हे फार लागायचं. मी ती कॅसेट साफ करवून तिची सीडी करून आणली, तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, आता मशीनबी तसंच पाह्यजे. दादा समोर बसून गाऊन राह्यला, असं वहिनीला वाटलं पाह्यजे."

त्या भजनात मामांची स्वतःची इज्जतही गुंतलेली होती. दादांच्या मागे टाळ धरायचे ते. "माझ्या टाळाबिगर दादाचा सूरच लागत न्हवता," हे त्यांचं वाक्य अख्ख्या बैलबाजाराला पाठ होतं.

जालन्यात कारखानदारांसाठी भारी माल ठेवणारं एक दुकान होतं. तिथल्या बद्रीनाथशेठनी एक प्लेयर पुढे ठेवला. मामांनी त्याला एक फेरी मारली, उचलून वजन पाहिलं आणि म्हणाले, "तोंड उघडा." शेठनी बटण दाबलं, कप्पा बाहेर आला. मामांनी वाकून आत बोट घातलं. शेठचा चेहरा पांढराफटक पडला.

मग शेठनी आपली सीडी लावली. भिंती हादरल्या. मी खूश! मामा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी समदेच बैलाला पेंड चारून आणतेत. हे तुमच्या पेंडीवर पळून राह्यलं. आमचं औत जुंपा."

मी पिशवीतून दादांची सीडी काढून दिली. त्या प्लेयरवर तबला असा घुमला की दुकानातला नोकर डोलायला लागला. मामांनी मान हलवली, "तबला हाय, दादा कुठंय?" शेवटी शेठनी एक साधा, काळा, बिनदिव्यांचा प्लेयर काढला. दुकानातला सगळ्यात महाग तोच. त्यावर दणका नव्हता, पण दादांचा श्वास ऐकू यायला लागला. मामा स्पीकरला कान लावून उभे राहिले. मला कंटाळा आला, म्हणून मी बाहेर चहा सांगायला गेलो. परत आलो तर भजन संपलं होतं आणि मामांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं, मामा?"

"काही न्हाई. शेठ, शेवट पुन्हा लावा."

चहा द्यायच्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. "मामा, पहिलाच घ्या, काय दणका आहे!" मी म्हणालो. मामांनी काळ्या प्लेयरच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "न्हाई. हेच." आणि बाजारातल्या रीतीप्रमाणे हातावर उपरणं टाकून त्यांनी तो शेठपुढे केला. उपरण्याखाली बोटांनी भाव ठरतो, हे शेठना काय ठाऊक? त्यांनी उपरण्यासकट हात जोरजोरात हलवला.

संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या सासऱ्यांच्या ओट्यावर जमली. गिरिजाबाई दाराशीच टेकल्या, उठून जायच्या तयारीने. दादांनी सूर लावला आणि गिरिजाबाईंचा हात कपाळाला गेला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच की हो."

भजन संपलं. टाळ अजून किणकिणत होते, तबल्याची शेवटची थाप घुमत होती. तेवढ्यात दादांचा स्वतःशीच पुटपुटल्यासारखा हळू आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा: "पुंजा, टाळ खाली ठेव रे बाबा. तू नुस्तं ऐक."

गल्ली खो खो हसत सुटली. सगळ्यांत जास्त हसल्या गिरिजाबाई, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत. "भजनाहून आले की रोज मला हेच सांगायचे," त्या म्हणाल्या. "पर पुंजाचं मन कोण मोडणार?"

मला दुकानातला तो उतरलेला चेहरा आठवला. मी कानाशी जाऊन म्हटलं, "मामा, तुम्ही हे तिथंच ऐकलं होतं. पहिला घेतला असता, तर तबल्यात बुडून गेलं असतं."

"मंग त्यात दादाबी बुडाला असता," मामा म्हणाले.

गिरिजाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मामांनी मांडीवर हात ठेवले आणि दादांनी सांगितलं होतं तसं नुसतं ऐकत बसले.