रेघेवर थांबणारे रावसाहेब

रावसाहेबांची मान वाकलेली मी कधी पाहिली नाही. जेवायला बसले तरी घास तोंडाकडं यायचा, तोंड घासाकडं जायचं नाही. बूट घालताना पाय वर यायचा, मान तिथंच. मद्रासेत मी त्यांच्याकडं ड्रायव्हर होतो. माझी बायको अनसूया त्यांच्या गाडीत वारली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे म्हातारा गोड गोड सांगत होता आणि मधेच कडू झाला असं कुणी म्हणायला नको. मी पहिल्यापासून कडू आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लष्करात लॉऱ्या चालवल्या, सुटलो तेव्हा मद्रासेत होतो, तिथंच राहिलो. मैलापुरात एका साहेबाला मराठी बोलणारा ड्रायव्हर पाहिजे असं कळलं म्हणून गेलो. पडवीत उंच, सडसडीत माणूस उभा. पांढरा लांब कोट, डोक्यावर जरीकाठाची पगडी. तंजावरचे मराठे. पूर्वज राजांबरोबर खाली उतरले ते तिथलेच झाले. हे स्वतः कोर्टात मोठ्या हुद्द्यावर.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याकडचा."

"म्हणजे मागें राहिलेल्यांपैकीं. आम्ही पुढें आलों, तुम्ही मागें राहिलांत. सरि, गाडी पुसून ठेव."

'सरि' म्हणजे तिकडं 'बरं'. त्यांची मराठी अशीच होती. जुन्या बखरीतलं वाक्य चालू व्हायचं आणि मधेच तमिळ शब्द टपकन पडायचा. मला हसू यायचं, आणि माझ्या मराठीचं त्यांना. मी 'इथं'ला 'हितं' म्हणालो की, मी दुखरी जागाच दाखवतोय असं धरून ते अनसूयेला हाक मारून सांगायचे, "लेकी, तुझ्या नवऱ्याला कुठें खरचटलें बघ."

अनसूया त्यांच्या घरातली झाडलोट, पुसापुशी करायची. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. ती आली तेव्हा तिला तमिळचं अक्षर येत नव्हतं. वर्ष सरायच्या आत ती बाजारात कोळिणीशी तमिळमधून भांडायला लागली. रावसाहेब खुर्चीत बसून ते भांडण ऐकायचे आणि म्हणायचे, "ही वकील व्हायची होती."

पेन्शन लागली तशी त्यांनी मोठी गाडी विकली आणि एक बेबी गाडी घेतली. दोन दारांची, छत बसकं. पुढची सीट दुमडल्याशिवाय मागच्याला आत जाता यायचं नाही की बाहेर पडता यायचं नाही. पहिल्या दिवशी रावसाहेब मागं बसले. गुडघे हनुवटीला लागले. तसेच उतरले आणि म्हणाले, "अडकित्त्यांत सुपारी बसावी तसा दिसतों मी."

"मग पुढं बसा की, माझ्या शेजारी."

"ड्रायव्हरशेजारीं शिपाई बसतो."

मग त्यांनी त्या वयात स्वतः गाडी शिकून घेतली आणि शेजारी मला बसवलं. पगार तोच. लोक हसायचे. साहेब गाडी हाकतोय आणि ड्रायव्हर हात मांडीवर ठेवून बसलाय. बसलेला दिसायचो, पण मला काम होतं. ते काम म्हणजे दिवा बघणं.

तेव्हा चौकांत नवे दिवे लागत होते. आधी छत्रीखाली पोलीस उभा असायचा, तो पगडी बघून हात दाखवायचा, कधी सलाम करायचा. ते रावसाहेबांना पटायचं. दिवा सलाम करत नाही. आमच्या रस्त्यावरचा तो खांब उंच होता आणि रस्त्यावरच्या रेघेला लागूनच होता. लांबून दिवा छान दिसायचा. रेघेवर येऊन थांबलं की तो डोक्यावर जायचा. मोठ्या गाडीची काच उंच होती, तिच्यातून नीट दिसायचा. या बेबी गाडीत काच म्हणजे फळीएवढी, आणि वरून रावसाहेबांनी उन्हासाठी काचेच्या बाहेर पत्र्याची झापड बसवून घेतली होती, घोड्याच्या डोळ्याला लावतात तशी. पगडी छताला टेकलेली. छताच्या कापडाला तिथं तेलकट डाग पडला होता.

मी शेजारून वाकायचो, मान पार खाली घालून झापडीखालून बघायचो. रावसाहेब समोर बघत विचारायचे, "शिवरामा, दिवा कसा आहे, सांग."

"लाल."

"आतां?"

"अजून लालच."

"आतां?"

"हिरवा पडला, रावसाहेब."

मग गाडी हलायची. रोज हे असं.

एकदा मी म्हणालो, "दोन हात मागं थांबलं तर तुमचं तुम्हाला दिसेल. सगळे तसंच करतात."

"रेघ जिथें मारली आहे तिथें थांबायचें. मागें थांबतो तो भित्रा, पुढें जातो तो चोर."

"मग जरा वाका."

त्यांनी गाडी पुढं काढली. घर आल्यावर उतरताना म्हणाले, "मान एकदां वाकली कीं तिला संवय लागते. कोर्टांत मीं पाहिलें आहे."

हे सगळं मी घरी अनसूयेला सांगायचो आणि ती हसून लोळायची. तीच एक दिवस लोलक घेऊन आली. तंजावरच्या घरातलं एक मोठं झुंबर रावसाहेबांनी पेटाऱ्यात बांधून ठेवलं होतं. ती काचा पुसायला घ्यायची. त्यातला एक लोलक लांबट होता, तीन धारांचा. पुसता पुसता तिनं तो आडवा धरून डोळ्यासमोर नेला, आणि छतावरची पाल तिला समोर दिसली. लोलक घेऊन ती तशीच गाडीत जाऊन बसली, काचेखालच्या फळीवर मेणानं तो चिकटवला आणि आम्हा दोघांना हाक मारली.

"रावसाहेब, जरा हितं बसा की. मान नका हलवू. नुसतं लोलकात बघा. माडाचा शेंडा दिसतोय का न्हाई?"

रावसाहेब बसले. त्यांनी बघितलं. दिसला असणार, कारण मलाही दिसला. फाटकाजवळच्या माडाचा शेंडा, नारळांसकट, त्या बोटभर काचेत येऊन बसला होता. कडेनं तांबडे, निळे रंग.

"म्हंजे दिवा बी दिसंल," अनसूया म्हणाली. "ह्यांची मान सुटंल."

रावसाहेबांनी लोलक अलगद काढला, मेण नखानं खरवडलं. "यांत सगळेच रंग दिसतात, लेकी. लाल कुठला आणि हिरवा कुठला हें कोर्टांत कसें सांगूं? आणि हा झुंबराचा. झुंबराची जागा वर. खालीं आणायचा नाहीं." लोलक पेटाऱ्यात गेला. अनसूया मला हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याला पटलंय, पण घेणार न्हाई." तिला माणसं कळायची.

त्या उन्हाळ्यात अनसूयेला सहावा महिना होता. रावसाहेब तिला रोज ताकाचा तांब्या स्वतः आणून द्यायचे, आणि तिनं नको म्हटलं की म्हणायचे, "तुला नाहीं, माझ्या नातवाला." हेही लिहिलं पाहिजे. नाही लिहिलं तर ती मला रागावेल.

वैशाखातल्या कडक उन्हाला तिकडं कत्तिरी म्हणतात. त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही. अशा दुपारी तिला रक्त जायला लागलं. थांबेना. घरात दुसरी बाई नव्हती. रावसाहेबांची बायको कधीच वारली होती, लेक दिल्लीला. मी तिला उचलून आणली तोवर रावसाहेबांनी गाडी फाटकाबाहेर काढली होती. पायात बूट नव्हते. पगडी मात्र डोक्यावर होती.

मीच का चालवली नाही, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. तिला धरायला कोण होतं? रावसाहेबांनी परक्या बाईला मांडीवर घ्यायचं? मी मागं बसलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं, रावसाहेबांनी पुढची सीट परत उभी केली. आम्ही आत कोंडलो.

त्यांनी गाडी पळवली, खोटं कशाला बोलू. हॉर्नवरचा हात काढला नाही. चौकाजवळ आलो तेव्हा लांबून दिवा लाल दिसला, म्हणून ते थांबले. रेघेवर. थांबल्यावर दिवा दिसायचा बंद झाला. रस्त्यावर पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही. एक हातगाडी सावलीला टेकवलेली, तिचा मालक खाली झोपलेला.

"शिवरामा, दिवा कसा आहे, सांग."

"मला कसा दिसंल? मी मागं आहे."

"पाहून सांग."

"रावसाहेब, मान खाली घाला आन तुम्ही बघा."

माझ्या डोळ्यासमोर त्यांची मान होती. पगडीखालून घामाची धार येत होती. मानेची शीर उडत होती. मला वाटलं, आता वाकतील. आता.

"चला तसंच," मी म्हणालो. "कसा का असंना."

"लाल असला आणि आडवी लॉरी आली तर हिच्यासकट जाऊं."

हे खरं होतं. त्यांचं सगळं नेहमी खरंच असायचं. मी तिचं डोकं सीटवर टेकवलं, दोन सीटांच्या फटीतून खांद्यापर्यंत पुढं घुसलो, त्यांच्या कोपराखालून वर बघितलं. हिरवा. मी तोंड उघडेपर्यंत पिवळा झाला आणि मग लाल.

"हिरवा होता," मी म्हणालो.

"आतां?"

"आता लाल."

ते थांबले. लालला थांबायचं म्हणून थांबले. मग मी लष्करात शिकलेल्या सगळ्या शिव्या त्यांना दिल्या, आईवरून, बापावरून, पगडीवरून. ते ताठ बसून ऐकत राहिले. मागून अनसूयेचा आवाज आला, अगदी बारीक. "कुणाला बोलताय? म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये."

ते तिचं शेवटचं बोलणं. तेसुद्धा त्या माणसाच्या वाट्याला गेलं. मला काहीच मिळालं नाही.

हिरवा झाला, मी सांगितलं, त्यांनी गाडी अशी सोडली की माझं कपाळ फुटलं. दवाखान्याच्या फाटकात तिचा हात माझ्या हातात होता पण त्यात धरणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घरीच फार रक्त गेलं होतं, तुम्ही त्या चौकात थांबला नसता तरी हेच झालं असतं. असेल. डॉक्टर शिकलेला माणूस. पण तो त्या सीटवर बसला नव्हता.

मसणात रावसाहेब आले. सगळे माना खाली घालून उभे होते. एकच मान वर होती.

दिवस झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. गाडी फाटकात उभी होती. "बस," म्हणाले. मी शेजारी बसलो. काचेखालच्या फळीवर लोलक होता. मेण त्यांनी स्वतःच लावलं असावं, कारण सगळीकडं बोटांचे ठसे होते आणि लोलक जरा तिरका बसला होता. त्यांनी गाडी त्याच चौकात नेली. रेघेवर थांबवली.

लोलकात लाल दिवा होता. डाळिंबाच्या दाण्याएवढा, स्वच्छ. कडेनं रंग होते, पण लाल तो लालच कळत होता. कोर्टातसुद्धा सांगता आलं असतं. अनसूया म्हणाली होती तसाच, न वाकता, बसल्या जागी. इतकं सोपं होतं ते. मग दाणा हिरवा झाला. त्यांना दिसला. त्यांची नजर लोलकावरच होती.

तरी ते म्हणाले, "शिवरामा, दिवा कसा आहे, सांग."

त्यांना काय पाहिजे होतं ते मला कळलं. मी 'हिरवा' एवढा एक शब्द बोललो असतो तर त्यांना ते मिळालं असतं.

"आता तुमचं तुम्हाला दिसतंय," मी म्हणालो. दार उघडलं आणि उतरलो. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो तरी गाडी रेघेवरच होती.

नंतर मी मद्रासेजवळच एन्नोरला लॉरीवर लागलो, कोळसा वाहायला. लॉरी उंच, काच मोठी. दिवा आपला डोळ्यासमोर येतो, कुणाला विचारावं लागत नाही. पुढं काही वर्षांनी त्या चौकातल्या एका पोलिसाशी ओळख झाली. तो मैलापूरच्या पगडीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट हसत हसत सांगायचा. म्हातारा गाडी रेघेवर आणतो, दिवा हिरवा होतो, तरी हलत नाही. समोर एक काच बसवलेली आहे, तिच्यात बघत बसतो. मागचे ओरडतात. मग हा पोलीस जाऊन दाराची काच वाजवतो आणि सांगतो, "पोंग, सार. पच्चै." जा साहेब, हिरवा आहे. मग जातो.

"मान वाकवतो का?" मी विचारलं.

"छे. ताठ असतो."

त्याच वर्षी रावसाहेब गेले असं कळलं. मी गेलो नाही. दया आली नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही. अनसूया असती तर गेली असती, मलाही ओढून नेलं असतं.

पुढं किती वर्षं त्या चौकातून लॉरी नेली. थांबलो की माझं लक्ष दिव्यावर असायचं, आणि हिरवा पडला की मी मोठ्यानं सांगायचो, "हिरवा पडला." लॉरीत कोणी नसलं तरी. आता बसमधून जातो, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिवा नुसता डागासारखा दिसतो. तरी सांगतो. शेजारचे लोक वळून बघतात. बघू देत.